टेम्पोच्या टपावरची डिश

एसटीच्या वर्कशॉपात मी तीस वर्षं बॉडीचं काम केलं. फाटलेला पत्रा, मोडलेली सीट, निखळलेला दांडा, सगळं माझ्याकडं यायचं. म्या जोडलेलं सुटून परत आलं, असं एकदाबी झालं न्हाय. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं गुर्मी करायला दुसरं काही नव्हतंच. वेल्डिंगचीच गुर्मी होती. ती ज्या माणसानं उतरवली, त्याच्याबद्दल लिहितोय. तो डिश बसवतो. त्याच्याइतका शहाणा माणूस म्या वर्कशॉपात बघितला न्हाय, आणि तिथं शिकलेले साहेब लोक ढिगानं होते.

आधी टेम्पोचं सांगतो.

रिटायर झाल्यावर म्या शाळेच्या पोरांची ने-आण करणारा एक जुना टेम्पो घेतला, सतरा सीटचा. सगळ्या सीटा उपटून काढल्या. मागं आडवी खाट केली, खाटेखाली सामानाचा कप्पा, मधी ओटा आणि शेगडी, पडद्याआड संडासाची खुर्ची, पुढं बसायला बाक. गावातले म्हणले, म्हाताऱ्याला येड लागलंय, घर असून दुसरं घर बांधतंय, तेबी चाकावर.

पण ते डोकं माझं न्हवतं, बायकोचं होतं. तिची आई म्हंजे माझी मामी. म्या मामाची पोरगी केलेली, म्हणून सासू झाली तरी तोंडात मामीच बसलेलं. मामी नव्वदीला टेकलेली. कंबर धरती, घटकाभराच्या वर बसवत न्हाय. विहारातली माणसं दरसाल गाडी करून बुद्धगयेला जातात. मामी दरसाल काठी टेकत त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला जायची, हात हलवायची, परत यायची. ते बघून बायको मला म्हणली, "आईला झोपवून नेता येईल अशी गाडी करा. लोकाच्या गाड्या जलमभर केल्या, एक आपली करा की."

केली. टीव्ही दोन लावायचे हेबी तिनंच सांगितलं. "एक पुढं तुमाला, एक मागं आईला. न्हायतर नागपूर यायच्या आत तुमी दोघं एकमेकांची डोकी फोडताल."

डिश म्या टपावर बसवली. डेपोत गाडी लावायची एक रीत असती. पाठ भिंतीला, तोंड रस्त्याकडं, दरवेळी त्याच रेघेवर. टेम्पो मी अंगणात तसाच लावायचो. टपावर चढलो, डिश फिरवत फिरवत चित्र आलं तिथं धरली, आणि बूड चारी बाजूंनी वेल्ड करून टाकलं. खालनं ती वरडून सांगत होती, आलं, गेलं, आलं. काम झाल्यावर म्या म्हणलं, "वादळात टेम्पो उडंल, डिश हलायची न्हाय." ती म्हणली, "मग वादळात आपण डिशला धरून बसू."

त्यानंतर तिचं पोट दुखायला लागलं. सोलापूरचा दवाखाना झाला, नळ्या झाल्या, सगळं झालं. आठ महिने. टेम्पो अंगणातनं हलला न्हाय. मग ती गेली. त्याच्यावर जास्त लिहिता येत न्हाय. चहा अजून तीन कप होतो. तिसरा मीच पितो, टाकून देववत न्हाय.

मामी लेकीच्या आजारपणात आली ती माझ्याकडंच राहिली. लेक गेल्यापासून तिचं बोलणं आटलं. व्हय, न्हाय, नको, एवढंच. सकाळी उठली की टीव्ही लावायचा, निजंपर्यंत चालू. तिला कानानं निम्मं कळतं, निम्मं बघून. पण टीव्ही बंद झाला की उठून बसती आणि भिंतीकडं बघत राहती. एकदा वाऱ्यानं खांब पडून दोन दिवस लाईट न्हवती, तर दोन दिवस म्हातारीनं पाण्याशिवाय काही घेतलं न्हाय. म्या समजावलं, रागावलो, शेजारणीला आणून बसवलं. उपयोग झाला न्हाय. ते बघून मला कळलं की टीव्ही म्हंजे तिला मालिका न्हवती, घरात कुणीतरी बोलतंय एवढं पाहिजे होतं. माझ्याकडनं ते होत न्हाय. मी बोलायला लागलो की भांडण होतं.

मला एकच काम उरलं होतं, मामीला बुद्धगयेला नेऊन परत आणायचं. तेबी थंडी संपायच्या आत, कारण उन्हाळ्यातली ती वाट तिला झेपणार न्हाय, आणि पुढची थंडी कुणी बघितलीय? पण चालता टीव्ही नसला तर तिला दोन दिवसाच्या वाटेवर नेणंसुद्धा जिवावरचं काम.

म्हणून आधी जवळ नेऊन बघू म्हणून तेरला गेलो. तेर तिचं माहेर. नदीकाठाला चिंचंच्या सावलीत टेम्पो लावला, मामीला उशी दिली, टीव्ही लावला. निळा पडदा. पुढचा निळा, मागचाबी निळा. टीव्हीला जोडलेला डिशचा डबा बंद करून चालू केला, मग डब्याला चापट मारली. टपावर चढून वायर हलवली.

मामी म्हणली, "बंद पडला का?"

"लागतोय, थांबा."

जरा वेळानं उठून बसली. समोर पत्रा होता, त्याच्याकडं बघायला लागली. भावाच्या घरनं धपाटे आले होते, त्याला हात लावला न्हाय. "जावई, घरी चला," एवढंच म्हणली. माहेरी जाऊन बाई माहेरच्या उंबऱ्यालाबी गेली न्हाय.

परत आलो. अंगणात टेम्पो पाठीमागं घेतला, रेघेवर लावला, आणि दोन्ही टीव्ही आपसूक बोलायला लागले. मामी खाटेवरनं म्हणली, "ह्याला घरचीच सवय हाय." लई दिवसांनी एवढं मोठं वाक्य बोलली, पण त्या वेळी माझं डोकं फिरलेलं होतं. रस्त्याच्या खड्ड्यांनी वायर ढिली झाली असणार, असं म्या ठरवलं आणि जवळच्या वाशीच्या डिशवाल्याला फोन लावून नदीकाठ, चिंच धरून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवर आला. पंचेचाळीसच्या आतबाहेर, डोक्याला रुमाल, मिशा पिकलेल्या, खांद्याला चामड्याची पिशवी. आपल्या भागातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. मिसरूड फुटंपर्यंत बापाच्या मागं मेंढरं घेऊन माळ हिंडला, मग चुलत्यानं डिशच्या कामाला लावला. आल्यावर माणसं टीव्हीकडं बघतात. हा टेम्पोला एक चक्कर मारून सावलीत उकिडवा बसला आणि विचारलं, "बाबा, जायचं कुठं?"

म्या म्हणलं, "तुला काय करायचंय? वायर बघ."

"वायर बघतो. पण जायचं कुठं?"

"बुद्धगयेला."

"लई लांब," म्हणला आणि टपाकडं बघत बसला. मग उठला, अंगणाच्या मधोमध उन्हात एक काठी रोवली. काठीच्या सावलीच्या शेंड्याला एक खडा ठेवला. "चहा मिळंल का?"

चहा पिऊन झाल्यावर सावली जरा सरकली होती. तिथं दुसरा खडा ठेवला. म्हणला, "बाबा, पहिल्या खड्याकडनं दुसऱ्या खड्याकडं तोंड करून उभा ऱ्हावा. तुमच्यापुढं पूर्व. आता उजवा हात आडवा करा. ही दक्षिण. तोंड आन हात ह्यांच्या बरोबर मधी बघा. काय दिसतंय?"

"शेजाऱ्याची डिश दिसती."

"तिचं तोंड कुणीकडं हाय?"

बघितलं तर डिशचं तोंड त्याच बाजूला. पलीकडच्या घरावरची, त्याच्या पलीकडची, शाळेवरची, दुकानावरची, जेवढ्या दिसत होत्या तेवढ्या सगळ्या एकाच बाजूला तोंड करून बसलेल्या. जलमभर बघत आलो होतो, पण बघितलं कधीच न्हवतं.

"आग्नेय," तो म्हणला. "आपल्याकडनं ते वरचं उपग्रहाचं यंत्र आग्नेयेला हाय. गाव अनोळखी असलं की मी आधी कुणाच्यातरी घरावर बघतो. गाव नसलं, नुसता माळ असला, तर काठी आन दोन खडे. आमी मेंढरं बसवताना असंच बघायचो, सकाळचं ऊन कुणीकडनं येणार ते." मग टपाकडं बोट केलं. "तुमची डिश टेम्पोला चिकटलीय. टेम्पो फिरला की ती फिरणार. अंगणात ती आग्नेयेला बघती. तेरला टेम्पो नदीकडं तोंड करून लावला असंल, मग ती बघत बसली भलतीकडं. आन वर चिंचंच्या फांद्या आडव्या."

मला सगळं कळलं. कळलं म्हणूनच राग आला.

"मग काय करायचं?"

तो टपावर चढला, वेल्डिंगवरनं बोट फिरवलं. "काम एक नंबर हाय बाबा. असं वेल्डिंग आता कोण करत न्हाय. पण कापावं लागतंय."

म्या म्हणलं, "खाली उतर."

उतरला.

"माझ्या हातचं आजपातूर कुणी कापलं न्हाय. दुसरा मार्ग असंल तर सांग, न्हायतर नीघ."

तो म्हणला, "दुसरा मार्ग न्हाय." पिशवी खांद्याला लावली, तांब्यातनं पाणी प्याला, मामीला लांबनं हात जोडले आणि गेला. तोंड वाकडं न्हाय, मोटरसायकलचा आवाज वाढवला न्हाय. वर्कशॉपात म्या असं कुणाला हाकललं असतं तर त्यानं मला आईबहिणीवरनं घेतलं असतं.

मी घरापुढच्या ओट्यावर बसलो. राग त्या माणसाचा न्हवता. त्या वेल्डिंगच्या दिवशी ती खाली उभी होती, डोळ्यावर पदर धरून. ठिणगीकडं बघू नको म्हणलं तरी बघत होती. त्या लोखंडाला मशीन लावायचं म्हंजे मला कसंतरी होत होतं. हे त्या डिशवाल्याला कुठं सांगत बसू?

मामी दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळं बघितलं होतं. म्हणली, "हाकलला?"

"व्हय."

"लोखंडापायी?"

म्या टपाकडं बघितलं.

"मी तिला नऊ महिने पोटात वागवली, तिला मातीत ठेवून आले. तुमी लोखंड धरून बसा." जरा दम खाल्ला. "टेम्पो अंगणात उभा करून ठेवा म्हणली व्हती का ती?"

एवढं बोलून आत गेली आणि टीव्ही मोठा केला.

दुपार कलल्यावर मीच ग्राइंडर काढलं. चारी बाजूंनी कापलं. बूड हातात आलं तेव्हा जड लागलं. कापलेल्या जागेवर गंज धरू नये म्हणून लाल रंग मारला आणि मग वाशीला फोन लावला. म्हणलं, "डिश मोकळी हाय." तो म्हणला, "उद्या येतो." कुणी कापलं, कसं कापलं, काही न्हाय. दुसऱ्या दिवशी आला तेव्हाबी टपाकडं एकदाच बघितलं आणि म्हणला, "साफ कापलंय." संपलं.

त्या दिवशी त्यानं माझ्याकडनं जे काम करून घेतलं ते सांगतो, कारण असं काम करून घेणारा माणूस दुर्मिळ. तीन पायांची घोडी करायला लावली, घडी होणारी. मधी उभा पाईप, त्या पाईपवर ढिला बसणारा दुसरा पाईप, त्याला डिश. एक बोल्ट ढिला केला की डिश गर्रकन फिरती, आवळला की जाग्यावर. मोजमापं तो सांगत होता, वेल्डिंग मी करत होतो. मला एकदाबी वाटलं न्हाय की हा मला शिकवतोय.

"टेम्पो सावलीत ऱ्हाऊ द्या, डिश उन्हात ठेवा," तो म्हणला. "मधी लांब वायर. मग तुमचीबी सोय, तिचीबी."

मग पिशवीतनं दोरा काढला, दोऱ्याला खडा बांधला आणि पाईपच्या शेजारी लोंबकळत धरला. गवंड्याचा ओळंबाच तो. "पाईप ह्या दोऱ्याबरोबर सरळ पाहिजे. तो तिरका असला तर सगळंच तिरकं. सरळ असला तर डिशचं तोंड वर-खाली करायचं कामच न्हाय. ते मी एकदाच लावून देतो. तुमी नुसतं डावं-उजवं फिरवायचं." घोडीच्या पायाखाली चपट्या दगडाचे तुकडे सारून त्यानं पाईप असा सरळ केला की मलाबी खोट काढता आली न्हाय. वर्कशॉपात आमच्याकडं ह्याच कामाला पाण्याची काचंची नळी होती, तिच्यावर साहेबाची सही लागायची.

आतलं काम वेगळंच निघालं. इंजिन बंद ठेवून दोन्ही टीव्ही चालू केले की डबा आपोआप बंद व्हायचा, परत चालू व्हायचा, परत बंद. मला वाटलं डबा खराब. तो खाली वाकला, बॅटरीपासनं मागं आलेली माझी वायर दोन बोटात धरून बघितली.

"बाबा, ही कुठली वायर?"

"घरात बल्बला लावतो ती."

"एवढ्या बारीक नळीनं दोन म्हशी पाणी कशा पितील? बॅटरीचा करंट लांब जाता जाता वाळून जातो." जाड वायर ओढली, टोकं खरडून घट्ट केली, आणि डबा शहाण्यासारखा चालायला लागला.

मग रिमोटचा प्रश्न आला. डबा म्या पुढं, ड्रायव्हरच्या मागं ठेवलेला. मामी मागं. खाटेवरनं रिमोट दाबला तर डब्याला पोचत न्हवता, मधी पडदा. तो म्हणला, "एका डब्यावर दोन टीव्ही चालतील, पण दोन्हीवर एकच दिसणार. एकानं बदललं की दुसऱ्याचंबी बदलणार. तर डबा कुणाजवळ ठेवायचा ते आधी ठरवा."

म्या म्हणलं, "माझ्याजवळ." खाटेवरनं मामी म्हणली, "हं!"

तो माझ्याकडं बघून हसला न्हाय, पण मिशी हलली. "बाबा, गाडी तुमी चालवणार. चालवताना टीव्ही कसा बघताल? डबा मागं ऱ्हाऊ द्या." डबा मामीच्या उशाशी बसवला, तिथनं तीन रंगाच्या पिनांची लांब वायर पुढच्या टीव्हीला आणली. रिमोट मामीच्या हातात गेला तो गेलाच. कुस्त्या बघायच्या असल्या तर मला सासूची परवानगी लागती.

आता शेवटचं, डिश फिरवून चित्र धरायचं. हे काम दोन माणसांचं. एक डिशजवळ, एक टीव्हीपुढं. मी टीव्हीकडं निघालो तर त्यानं दंड धरला. "तुमी हितं थांबा. तुमाला फिरवायला शिकायचंय." आणि दारातनं आत वाकून म्हणला, "आजी, समोर सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात का? खालच्या पट्टीचा रंग सांगायचा मला. लाल असली तर लाल, पिवळी असली तर पिवळी, हिरवी झाली की हिरवी."

मामी पुटपुटली, "लाल."

"ऐकू येत न्हाय आजी!"

"लाल."

"काय?"

त्याला ऐकू येत होतं. मी त्याच्या शेजारीच उभा होतो आणि मला ऐकू येत होतं. तो डिशला हात लावून मान खाली घालून उभा राहिला. "आजी, मेंढरामागं हिंडून माझे कान गेलेत. जरा जोरात!"

"लाल हाय, लाल!"

बोटभर फिरवली. "आता?"

"लालच!"

"आता?"

"पिवळी! पिवळी झाली! आरं थांब, गेली! परत लाल! मागं घे की!"

त्यानं मुद्दाम अजून पुढं सरकवली. म्या बघितलं.

"आरं मुडद्या, मागं घे म्हणते तर फुडं कशाला जातो? डोळे हायत का बटणं? मागं! अजून! हां... हिरवी! हिरवी झाली, हात काढ, हात काढ आता!"

अख्ख्या आळीला ऐकू गेलं. समोरच्या घरातली बाई दारात आली. आठ महिने आजारपणाचे आणि त्याच्यापुढचे दिवस धरले तर ह्या म्हातारीचा असा आवाज म्या कधी ऐकला होता ते आठवंना. तो बोल्ट आवळत म्हणला, "पंधरा नंबरचा पाना आणा बाबा, टेम्पोच्या मागं असंल." पाना त्याच्या हातातच होता. मी टेम्पोच्या मागं गेलो आणि जरा वेळ तिथंच उभा राहिलो.

जेवायला मामीनं त्याला थांबवून घेतलं. भाकरी माझ्या हातची, आमटी तिनं सांगून केलेली. त्याला म्हणली, "मुडद्या म्हणले, राग मानू नको." तो म्हणला, "आजी, आमची आई मेंढराला आन आमाला एकच शिवी द्यायची. घरी आल्यासारखं वाटलं."

ऊन उतरल्यावर त्यानं टेम्पो माळावर न्यायला लावला. तिथं एकबी घर न्हाय, एकबी डिश न्हाय. मुद्दाम टेम्पो भलत्याच तोंडानं लावायला सांगितला. म्हणला, "आता मी न्हाय. तुमी करा." आणि पाठ फिरवून बोरीच्या झुडपाकडं गेला, बोरं तोडत बसला.

काठी रोवली, खडा ठेवला. बसलो. दुसरा खडा ठेवला. घोडी उभी केली, दोरा धरून पाईप सरळ केला. डिश फिरवली. "मामी, काय?" "लाल." फिरवली. "लाल." पुरा अर्धा फेरा मारला, लालच. मामी आतनं म्हणली, "त्याला बोलवा." तो लांबनं बोरं खात बघत होता, उठला न्हाय. म्या परत दोरा धरला तर पाईप एका बाजूला झुकलेला. घोडीचा एक पाय भुसभुशीत मातीत रुतला होता. त्याच्याखाली दगड सारला, परत सरळ केला, परत फिरवायला लागलो, बोटबोटभर.

"पिवळी... पिवळी... जावई, हिरवी! सोडू नका! हिरवी!"

बोल्ट आवळला. आतनं टीव्हीतलं कुणीतरी मोठ्यानं भांडायला लागलं. मामीची मालिका लागली होती. तो मूठभर बोरं घेऊन आला, निम्मी मला दिली, निम्मी दारातनं मामीला.

मामीनं बोरं पदरात घेतली आणि टीव्हीवरनं नजर न काढता विचारलं, "ए भाऊ, बुद्धगयेला ह्याचं तोंड कुणीकडं करायचं?"

आजपातूर बुद्धगयेचं नाव मीच घेत होतो. तिच्या तोंडून लेक गेल्यापासून हे पहिल्यांदा आलं.

तो काही समजला का न्हाय, मला ठाऊक न्हाय. त्यानं पिशवीतनं घड्या पडलेला एक कागद काढला. त्यावर गावांची नावं आणि आकडे. म्हणला, "आजी, मी लातूर-सोलापूरच्या पलीकडं गेलो न्हाय. पण समजा तुमी चाललाव आन लांब डोंगर दिसतोय. तुमी फुडं गेला की डोंगर बाजूला सरकल्यागत वाटतो का न्हाय? डोंगर तिथंच असतो, आपण हललेलो असतो. तसं हे वरचं यंत्र. तुमी पूर्वेला चाललाव, म्हणून त्याचं तोंड हळूहळू दक्षिणेला सरकत जाणार." मग हात सरळ लांब करून मूठ वळली. "कागदावर आकडे असतात, मला मूठ कळती. हात असा लांब करायचा, डोळ्यापुढं मुठीची जेवढी रुंदी दिसती ती एक मूठ. हितल्या आग्नेयेपासनं नागपूरला एक मूठ दक्षिणेकडं. गयेला अडीच मुठी. वर-खाली काही न्हाय. फकस्त गयेला डिशच्या पुढं दांडीवर बसवलेला हा डोळा जरा पिळून तिरका करावा लागंल, तिथं मी रंगाची खूण मारून देतो."

मामीनं खाटेवरच हात लांब केला, मूठ वळली, एक डोळा मिटला आणि टेम्पोच्या पत्र्यावर मोजलं. एक, दोन, अर्धी.

"अडीच," म्हणली. "जावई, ध्यानात ठेवा. मला वाटंनं सारखं वरडायला लावू नका."

म्या म्हणलं, "मग निघायचं कधी?"

"रविवारी मालिकेचा मोठा भाग असतो. तो हितंच बघू. सोमवारी निघा."

सोमवारी निघालो. नागपूरच्या अलीकडं एका पेट्रोल पंपामागं, लिंबाच्या सावलीत टेम्पो लावला, घोडी उन्हात उभी केली, दोरा धरला, खडे मांडले. आग्नेय काढली, हात लांब केला आणि एक मूठ दक्षिणेकडं सरकवली. पहिल्याच दमात आतनं मामी वरडली, "हिरवी!" त्या माणसानं नागपूर बघितलं न्हाय, आणि त्याची मूठ बोटभरबी चुकली न्हाय.